वाकळेचा बोळा

बेळगावच्या अनगोळातल्या निम्म्याअर्ध्या माणसांचं पहिलं रडणं दवाखान्यातल्या नर्सनं ऐकलं असेल, पण पहिली अंघोळ मात्र मालूआक्काच्या पायांवर झाली. त्यातले काही आता वकील झालेत, काही दुबईला गेलेत, एक जण मोठ्या ऑफिसात साहेब होऊन बसलाय. आक्का रस्त्यात भेटली की सरळ त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारायची, "टाळू भरली का न्हाय रं तुजी अजून?" आणि साहेब आपल्या बुटांकडं बघत उभा राहायचा. ज्या बाईनं आपल्याला पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्यात, तिच्यापुढं माणूस कसली मिजास करणार?

नाव मालूबाई, पण जन्मभर सगळ्यांची आक्काच. तिच्या कामाची पद्धत ठरलेली होती. न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे आणि नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ निजवायचं. पाणी कोपरानं बघायचं. बाळाचं झालं की बाळंतीण. तेल चोळून, कढत पाणी घालून तिला सुंभाच्या बाजेवर निजवायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सारायची, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकायची आणि वरून वाकळ पांघरायची. मग दार लावायचं, खिडकी लावायची, फट दिसेल तिथं चिंधी कोंबायची. बाळंतिणीच्या अंगात वारं शिरलं की ती कामातून गेली, ही आक्काची पक्की समजूत होती. तिच्या एकटीची नव्हे, सगळ्या गल्लीची.

वाऱ्याचा तिला एवढा राग यायला कारण होतं. तिचं पहिलं बाळंतपण खानापूरच्या बाजूला, जंगलाच्या कडेला, भर पावसाळ्यात कुडाच्या घरात झालं. कुडातून वारं सुसाट यायचं. तिच्या कुशीतलं मूल गारठून गेलं आणि तिला ते उजाडल्यावर कळलं. त्यानंतर नवऱ्याबरोबर ती अनगोळात आली, महादेव झाला, वाढला, फाउंड्रीत कामाला लागला. पण त्या पहिल्या मुलाचं दुःख तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांच्या खोल्यांच्या फटी तेवढ्या ती बुजवत राहिली.

रवळू आणि जयाबाईचं घर तिचं हक्काचं. रवळूचं निम्मं आयुष्य भाताच्या शेतात गेलं आणि निम्मं कारखान्यात. जयाबाईची तिन्ही बाळंतपणं, थोरली दिपाली, मधला सौरव, धाकटी माधवी, आक्कानंच केली, जुन्या कौलारू घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत. दार-खिडकी बंद करून ती शेगडी पेटवायची आणि आपण वाऱ्याला घराबाहेर काढलं म्हणून खूश व्हायची. पण कौलांच्या फटी कुणी बुजवल्या होत्या? छपराच्या आणि भिंतीच्या मधून मांजर ये-जा करायचं, चिमण्या यायच्या, सकाळी उन्हाचे कवडसे बाजेवर पडायचे. ते घर म्हणजे नुसती चाळण होती. त्या चाळणीच्या जिवावर एवढ्या बाळंतिणी शेगडीवरून सुखरूप उठल्या. हे ना आक्काला ठाऊक होतं, ना तिच्या आधीच्या कुणाला. ठाऊक असायचं कारणच पडलं नव्हतं.

मग रवळूनं ते घर पाडून स्लॅबचं घर बांधलं. जुन्या घरात थंडी फार, डास फार, धूळ फार, अशी सगळ्यांचीच कुरकुर होती. नव्या घराला सरकत्या काचेच्या, रबर लावलेल्या खिडक्या आल्या. बसवणाऱ्यानं काडी ओढून खिडकीच्या कडेकडेनं फिरवून दाखवली, ज्योत जरासुद्धा हलली नाही. रवळूला ह्या खेळाचं भारीच वेड लागलं. पाहुणा आला की चहाच्या आधी काडी ओढायची. "बगा, वाऱ्याचं बोट शिरंल का? हिवाळ्यात हीटर नको, उन्हाळ्यात पंखा नको. बिल निम्म्यावर येतंय." सौरवनं एका खोलीत एसी बसवला आणि गार हवा वाया जाऊ नये म्हणून त्या खोलीच्या दाराला खालूनसुद्धा रबराची पट्टी मारली. गवंड्यानं तेवढं जुन्या सवयीनं छताखाली विटेएवढं एक भोक ठेवलं होतं. ते बुजवायचं काम आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं.

लग्नानंतर दिपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती डिसेंबरात, बेळगावची थंडी हाडात शिरते त्या दिवसांत. मुलगी झाली. जयाबाईनं एसीची खोली रिकामी केली, माळ्यावरची जुनी बाज उतरवली. आक्का आत आली, खिडकीच्या कडेवरून हात फिरवला, दाराखालचं रबर चाचपलं, आणि तिचा चेहरा उजळला. अशी खोली तिला जन्मात मिळाली नव्हती. मग तिची नजर वरच्या भोकावर गेली. स्वतःच्या वयाकडं न बघता ती स्टुलावर चढली, जुन्या वाकळेचा तुकडा फाडून त्याचा बोळा केला, भोकात कोंबला आणि मुठीनं ठोकून बसवला.

"जया, आता वाऱ्याचा बाप आला तरी आत येत न्हाय बग."

पहिले काही दिवस निखारे थोडेच असायचे. शेक झाला की दिपाली म्हणायची, "आक्का, डोस्कं लई जड व्हतंय गं. मळमळतंय." आक्का म्हणायची, "बाळतपनात व्हतंय तसं. रगत कमी झालंय. डिंकाचा लाडू खा." जयाबाई लाडू आणून द्यायची. दिपाली बिचारी दोन घास खाऊन ठेवून द्यायची आणि पुन्हा वाकळ ओढून घ्यायची. कुणाला कसलीच शंका आली नाही.

मग एका सकाळी थंडी फारच होती म्हणून आक्कानं शेगडी काठोकाठ भरली. बाळाला थोडी कावीळ होती, डॉक्टरांनी कोवळ्या उन्हात धरायला सांगितलं होतं, म्हणून जयाबाई त्याला घेऊन अंगणात बसली. आक्कानं दार ओढून घेतलं, स्वयंपाकघरात चहा प्यायली, जयाबाईशी दोन गोष्टी बोलली आणि पलीकडच्या गल्लीतल्या बाळंतिणीकडं गेली. बाळ दुधासाठी रडायला लागलं तेव्हा जयाबाईनं दार उघडलं.

दिपाली कुशीवर निजली होती. गाल गुलाबी, ओठ लाल, जणू आताच न्हाऊन आलीय. बाळंतपणानं पांढरीफटक पडलेली पोर इतकी टवटवीत दिसत होती की जयाबाईला आधी बरंच वाटलं. तिनं हाक मारली. मग हलवलं. मग जी किंकाळी फुटली ती ऐकून आक्का तेलाच्या हातांनीच धावत आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कोळशाचा वायू खोलीत कोंडला, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. रवळूनं ऐकलं आणि मान फिरवली. अनगोळात परत येईस्तोवर सगळी गोष्टच बदलली. कुणी म्हणालं हृदय बंद पडलं, कुणी म्हणालं नवीन घर बाधलं. वास्तुशांत पुन्हा केली. दिपालीच्या सासरच्यांनी बाळ खानापूरला नेलं आणि येणं-जाणं जवळजवळ तोडलं. जयाबाईला मात्र खात्री होती की पोरीला वारं लागलं. त्या गडबडीत दार-खिडकी धडाधड उघडताना का कशानं वरचा बोळा खाली पडला होता, तो तिनं पाहिला होता. तिथूनच वारं शिरलं, असं तिनं मनाशी धरलं आणि गवंड्याला बोलावून ते भोक सिमेंटनं लिंपून घेतलं.

दिवसकार्य झाल्यावर आक्का जयाबाईपुढं जाऊन बसली. तिला डॉक्टरांचं बोलणं सौरवकडून कळलं होतं, आणि ऐकताक्षणी तिला ते पटलं होतं. दिपालीचं जड डोकं, मळमळ, तो बोळा, काठोकाठ भरलेली शेगडी, सगळं तिच्यापुढं ओळीनं येऊन उभं राहिलं होतं.

"जया, माझ्या शेगडीनं न्हेली गं तिला. वारं न्हवं. मीच भोक बुजिवलं."

जयाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "तसं म्हनू नका आक्का. तुमचा हात लई गुनाचा हाय."

ही माया नव्हती. आक्काला ते तिथल्या तिथं कळलं. शेगडी खरी ठरली तर बंद दाराबाहेर अंगणात बसलेली आईही त्यात आली, डिंकाचा लाडू हातात देणारीही आली. जयाबाईला ते पेलणारं नव्हतं. आक्काला तिचा राग आला आणि कीवही आली, आणि ती उठून गेली.

त्यानंतर तिनं शेगडीला हात लावला नाही. बाळंतिणीची खिडकी हातभर उघडी ठेवा म्हणून ती घराघरांतून हट्ट धरायला लागली. सासवा भडकल्या. "म्हातारीचं डोस्कं फिरलंय, बाळतिनीला वारं घालतीया!" हळूहळू तिला बोलावणंच बंद झालं. तिची कामं मंगलकडं गेली. ही मंगल तिच्याच हाताखाली तयार झालेली, चटपटीत, तोंडाळ. आक्का तिच्या दारात जाऊन बसली, समजावून सांगितलं, स्लॅबच्या घरात शेगडी नको म्हणाली.

मंगल तेल गरम करता करता म्हणाली, "आक्का, तुमीच शिकिवलासा की मला हे. आता तुमीच नको म्हनतासा. लोक मला पैसे शेगडीचे देत्यात, खिडकी उघडायचे न्हाय."

आक्का उठली आणि वाटेतल्या घरांच्या बंद खिडक्या बघत घरी गेली.

माधवीचं लग्न झालं आणि तिला दिवस गेले तेव्हापासून आक्काची झोप उडाली. धाकटी पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरीच येणार, त्याच खोलीत निजणार, त्याच बाजेवर. आणि आता तर वर भोकही नाही. वाऱ्याच्या भीतीनं जयाबाईनं खिडकीला जाड पडदेसुद्धा शिवून घेतले होते. आक्का येता-जाता रवळूला गाठायची. तो टाळायचा. एकदा मात्र अंगणात तोंडासमोरच सापडला.

"रवळू, ते भोक फोड रं बाबा. न्हाय तर शेगडी नको म्हन. तुझ्या बायकोला सांग."

"आक्का, तुमी ह्यात पडू नका. माझ्या आयचं, आज्जीचं, समद्यांचं शेगडीवरच झालं. त्या काय मेल्या?"

"त्या घराला कौलं हुती रं!"

रवळूचा चेहरा काळवंडला. "म्हंजे मी घर बांदलं म्हनून माझी पोरगी गेली, असंच ना?" आणि तो आत निघून गेला. त्या दोन माणसांमध्ये एवढं मोठं दुःख पडलं होतं की खरं बोलायला जागाच उरली नव्हती.

माधवी बाळंत झाली. मुलगा झाला. तिला घरी आणायच्या दिवशी जयाबाई आणि सौरव दवाखान्यात गेले होते. मंगल न्हाणीत पाणी तापवत होती, आणि शेगडी आधीच फुलवून खोलीच्या उंबऱ्याशी ठेवली होती, पोरगी येईस्तोवर खोली उबदार व्हावी म्हणून. आक्का मागच्या दारानं आली. पदरानं धरून तिनं शेगडी आत घेतली, बाजेखाली सारली आणि दाराला आतून कडी घातली.

तिला मरायचं नव्हतं. तिचा हिशेब साधा होता. डोकं धरलं, मळमळायला लागलं की दार उघडायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, बघा, माझं हे होतंय, आणि तुम्ही इथं ओली बाळंतीण निजवणार. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर तरी ऐकतील. बोलून बोलून ती थकली होती.

रवळूनं दार वाजवलं. "आक्का, आत काय करूलालासा? उघडा."

"उघडती रं. पोरगी यायच्या आत उघडती. तू तितंच थांब."

म्हातारी रुसलीय, असं समजून तो अंगणात जाऊन बसला.

आक्का बाजेवर टेकली. खोली छान उबदार होती. ओव्याचा वास येत होता. थोड्या वेळानं कानशिलं ठणकायला लागली, आणि तिला दिपालीचा आवाज आठवला, डोस्कं जड व्हतंय गं. तिला रडू आलं. म्हणजे पोरीला असं व्हायचं आणि आपण तिला लाडू खा म्हणायचो. आता उठावं, पुरे झालं, असं तिनं ठरवलं. पण पाय उचलेनात. कडी समोर दिसत होती, हात केला तर पोचेल इतकी जवळ. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. आणि त्या अवघडलेपणातच तिला झोप यायला लागली, इतकी गोड झोप तिला कित्येक वर्षांत आली नव्हती.

गाडी दारात आली तेव्हा मंगलनं रवळूला सांगितलं की शेगडी उंबऱ्याशी नाही. त्यानं दार ठोकलं, हाका मारल्या, मग सौरवनं मागून जाऊन घणानं ती रबर लावलेली काच फोडली आणि आत उडी मारून कडी काढली. दोघांनी आक्काला उचलून अंगणात आणलं.

जयाबाई नातवाला कुशीत घेऊन उभी होती. तिनं आक्काच्या तोंडाकडं बघितलं. सुरकुतलेल्या, जन्मभर उन्हानं रापलेल्या त्या गालांवर गुलाबी रंग चढला होता, आणि ओठ कुंकू लावल्यासारखे लाल. जयाबाईनं बाळ माधवीच्या हातात दिलं आणि आक्काच्या गालाला हात लावला.

"माझ्या दिपीचं तोंड असंच हुतं," ती म्हणाली. "असंच हुतं वो. मला वाटलं, किती तेज आलंय पोरीला."

सौरव आक्काला गाडीत घालून दवाखान्याकडं निघाल्यावर रवळू पहार घेऊन खोलीत गेला. भिंत फुटल्याचे आवाज बराच वेळ येत होते. आधी होतं त्याच्या तिप्पट भोक त्यानं पाडलं, आणि तरी मारतच होता.

आक्का वाचली. ऑक्सिजन लावला, शुद्धीवर आली, महादेवला ओळखलं, घरी आली. लोकांना वाटलं, म्हातारी चिवट आहे, निभावलं. पण काही आठवड्यांनी तिचं चालणं अडखळायला लागलं, शब्द सापडेनात, आणि मग आठवणी एकेक करून गळायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, त्या वायूनं मेंदूला इजा झालीय, असं मागाहूनही होतं. जे विसरायला नको होतं तेच ती आधी विसरली. राहिलं ते जुनं, हातांना पाठ झालेलं.

महादेव फाउंड्रीला जाताना तिला जयाबाईकडं सोडून जातो. जयाबाईनंच तसं सांगितलंय. मंगल आता अनगोळात कुठल्याही घरी गेली तरी आधी खिडकी उघडते आणि शेगडी अंगणातच ठेवते, आणि कुणी विचारलं तर रवळूच्या घरचं भोक बघून या म्हणते. आक्का मात्र त्या खोलीत बाजेवर बसून असते. माधवीला ती दिपाली म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा माधवी स्वयंपाकघरात जाऊन रडली. आता ती त्या नावाला ओ देते.

परवा सकाळी थंडी होती. भोकातून वारं येत होतं आणि बाळाचं टोपरं हलत होतं. आक्का वर बघत बसली होती. कुणाचा तरी हलगर्जीपणा झालाय, एवढं तिला नक्की कळत होतं. तिनं अंगावरच्या वाकळेचा कोपरा दातांनी धरून फाडला, मन लावून त्याचा घट्ट बोळा केला आणि जयाबाईपुढं धरला.

"जया, ते भोक बुजव गं. माझ्या दिपीला वारं लागंल."

"व्हय आक्का, बुजवती."

जयाबाई स्टुलावर चढली, भोकाशी हात नेला, भिंतीवर मूठ आपटल्याचा आवाज केला आणि बोळा कमरेला खोचून खाली उतरली. स्वयंपाकघरातल्या फडताळात असे बोळे साठलेत, ते तिला टाकवत नाहीत. आक्कानं समाधानानं मान हलवली, माधवीच्या अंगावरची वाकळ गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, "नीज आता दिपे. म्या हाय न्हवं हितं."